मेनूत नसलेलं

"फेस वेगळा द्या," तपासनीस म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी काउंटरवरच्या फलकाकडे पाहिलं. फलकावर फेसाविषयी अवाक्षर लिहिलेलं नव्हतं. "म्हणजे लॅटे मोठा, पण दूध अर्धं ओट्सचं नि अर्धं साधं. गरम, पण जीभ पोळेल इतकं नाही. एक शॉट नेहमीचा, एक डिकॅफ. व्हॅनिलाचं सिरप एकदाच दाबायचं, पण कपाच्या तळाशी नको, दुधात. आणि फेस वेगळा, लहान कपात."

मागे रांगेत कुणीतरी उसासा टाकला. तो तपासनिसांना ऐकू आला. ऐकू यावा म्हणूनच टाकलेला होता. त्यांनी मान वळवली नाही.

काउंटरवरची मुलगी पडद्यावर बोट चालवत होती. वर पाहत नव्हती.

"परत सांगते, सर," ती म्हणाली. "मोठा लॅटे. दूध अर्धं ओट्सचं, अर्धं साधं. बेताचं गरम. एक शॉट साधा, एक डिकॅफ. व्हॅनिला एकदा, दुधात. फेस वेगळा, लहान कपात. बरोबर?"

तपासनीस मान किंचित तिरकी करून ऐकत होते. तिचा आवाज वाक्याच्या शेवटी जरासा बसायचा, तिच्या आईचा बसायचा तसा. "फेस वेगळा" म्हणताना तो बसला. ऐकून त्यांना बरं वाटलं.

"बरोबर," ते म्हणाले.

गिऱ्हाइकाला नाव विचारून ते कपावर लिहायची त्या दुकानाची पद्धत होती. शहरातल्या सगळ्या शाखांत तीच. मुलीने पेन उचललं आणि काही न विचारता कपावर नुसती एक रेघ ओढली. नाव तिला ठाऊक होतं. लेक होती ती त्यांची.

"बाजूला व्हा, सर. तयार झालं की हाक मारू," ती म्हणाली आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

तपासनीस बाजूला झाले. पलीकडे यंत्रापाशी उभ्या असलेल्या मिशीवाल्याने तो कप हातात घेतला, त्यावरची रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला. या काकांसाठी दुधाची दोन भांडी वेगवेगळी तापवावी लागत. दुकानातली पोरं त्यांना आपापसात पणकाका म्हणत, कारण त्यांच्या ऑर्डरीत कॉफीपेक्षा "पण" जास्त असत.

आता पोटची पोर बापाला "सर" का म्हणत होती, ते सांगायला हवं.

तपासनिसांचं सगळं आयुष्य वीज मंडळाच्या मीटर तपासायच्या खोलीत गेलं. टेबलावर मीटर यायचा. ते तारा जोडायचे, आतली चकती फिरताना बघत बसायचे, आणि शेवटी एक शब्द बोलायचे. मीटर बिघडलेला असला तर "नाही चालणार". चांगला असला तर "चालेल". तिसरा शब्द नव्हता. झकास, फक्कड, वा काय मीटर आहे, असं त्या खोलीत कुणी म्हणत नसे. "चालेल" म्हणजे हा मी पाहिला, याची जबाबदारी माझी, खुशाल कुणाच्याही घरात लावा. याहून मोठी शाबासकी त्यांच्या खात्यात कुणी कुणाला दिली नव्हती.

तोच शब्द त्यांच्यासोबत घरी आला. भाजी कशी झालीय? चालेल. नवा रंग दिलाय भिंतीला, आवडला? चालेल. लग्नाआधी ते नि त्यांची बायको पहिल्यांदा भेटले, तेव्हा तिने धीर करून विचारलं होतं, "मग? काय ठरवलंत?" त्यावरही हेच. ती इतकी हसली होती म्हणे, की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. पुढे जन्मभर तिने ती गोष्ट येईल त्याला सांगितली.

पण तिला कान होता. चटकन म्हटलेलं चालेल, रेंगाळलेलं चालेल, आधी घसा खाकरून म्हटलेलं चालेल, या सगळ्यांचे अर्थ तिला कळायचे. लेक कॉलेजात पहिली आली तेव्हा तपासनिसांनी निकाल हातात घेतला, दोनदा घसा खाकरला आणि तो एकच शब्द बोलले. लेकीचं तोंड एवढंसं झालं. "अगं वेडे," आई म्हणाली, "तुझा बाबा उड्या मारतोय आत. बघ, कान लाल झालेत." तपासनिसांचे कान खरंच लाल झाले होते. अशी ती त्या घरातली दुभाषी होती.

ती गेली. दुसऱ्या वर्षी लेकीचा संसार मोडायला आला. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. नुसतं दोघांचं एकमेकांशी बोलणं संपलं होतं, आणि अशा गोष्टी बापाला फोनवर कशा सांगायच्या? तपासनिसांना मात्र अंदाज होता. तिच्या आवाजावरूनच कळत होतं. उगाच सोसत बसू नकोस, ऊठ आणि घरी ये, असं म्हणावं हे रोज त्यांच्या जिभेवर यायचं, आणि रोज ते हवापाण्याचं विचारून फोन ठेवायचे.

मग एका दुपारी तिनेच विषय काढला. आधी बरंच इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाबा, समजा मी परत आले, म्हणजे कायमची, तर तुला चालेल?"

तपासनिसांचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद झाला त्यांना की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आपल्याकडचा सगळ्यात मोठा शब्द बाहेर काढला.

"चालेल," ते म्हणाले.

मग ती म्हणाली, "बरं." फोन बंद झाला.

तपासनीस उठले. तिची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसली. स्टूल डुगडुगत होतं, पडता पडता वाचले. ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. त्यांनी फोन लावले, ते तिने उचलले नाहीत. नंतर तर तो नंबर चालू नाही असं एक बाई सांगायला लागली. तपासनिसांना काही उमगेना. परवानगी मागितली होती पोरीने, ती दिली होती. यात बिघडलं कुठे?

पुढची बातमी मेहुणीकडून आली. ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, पण भाचीचा नवा नंबर साऱ्या नात्यागोत्यात हिच्याच एकटीकडे होता. तिने एवढंच सांगितलं, की नवऱ्यापासून वेगळी झाली, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, आणि कॉफीच्या अमुक दुकानाच्या तमुक शाखेत काउंटरवर काम करते. "बरी आहे," मेहुणी म्हणाली. "तुमचा विषय काढला की मात्र दुसरंच काहीतरी बोलायला लागते."

तपासनीस दुसऱ्याच दिवशी त्या शाखेत गेले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रांगेत उभे राहिले. नंबर आला. लेकीने मान वर केली, तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, आणि मग कंपनीने शिकवलेलं हसू तिने तोंडावर आणलं.

"कशी आहेस?" तपासनीस म्हणाले.

"नमस्कार, सर. काय घेणार?"

"अगं..."

"सर, मागे रांग आहे."

"कॉफी," ते म्हणाले.

"एक कॉफी. धन्यवाद. बाजूला व्हा, सर."

झालं. एवढ्यासाठी दोन बस बदलून आले होते ते. बाहेर येऊन त्यांनी तिची सुटायची वेळ होईपर्यंत वाट पाहिली, तर ती मागच्या दाराने निघून गेली. पुन्हा एकदा गेले तेव्हाही तसंच. एक कॉफी, धन्यवाद, बाजूला व्हा.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांच्या पुढे एक बाई उभ्या होत्या. खांद्याला लॅपटॉप, कानाला फोन, तोंडाने अखंड ऑर्डर. फलकावरचं एकही पेय बाईंना जसंच्या तसं नको होतं. यातलं हे काढा, त्यातलं ते घाला, बर्फ फोडून, सिरप कमी, वरून दालचिनी, पण नुसती दाखवल्यापुरती. आणि लेक त्यांच्याशी बोलत होती! हे हवं का, ते किती, असं विचारत होती, आणि शेवटी सगळीच्या सगळी ऑर्डर पहिल्यापासून परत म्हणून दाखवत होती. तसा कंपनीचा दंडकच होता. लांबलचक ऑर्डर असली की ती गिऱ्हाइकाला ऐकवायची, आणि काहीही मागितलं तरी तोंडाने "नाही" म्हणायचं नाही.

तपासनीस पाठीमागून ऐकत होते. लेकीला इतकं बोलताना त्यांनी कैक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, "आत्ता त्या बाईंनी घेतलं ना, तेच. पण दालचिनी नको."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळी ऑर्डर परत म्हणून दाखवली. दालचिनी सोडून.

तिथून जे सुरू झालं ते वाढतच गेलं. जन्मात ज्याने चहात साखर किती हवी ते सांगितलं नाही, तो माणूस आता घरी आरशापुढे उभा राहून ऑर्डर पाठ करू लागला. रांगेतल्या लोकांचं ऐकून ऐकून त्यांनी बराच माल जमवला. फेस वेगळा मागता येतो, हे एका गायनाच्या शिक्षिकेकडून कळलं. सिरप दुधात घालायला सांगता येतं, हे स्वतःच शोधून काढलं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. ऑर्डर जितकी वाकडी, तितकी लेक जास्त वेळ बोलणार. सरळ हिशोब.

कॉफी मात्र त्यांना अजिबात सोसत नव्हती. पहिले काही दिवस छाती धडधडायची आणि रात्री डोळा लागायचा नाही. म्हणून तर एक शॉट डिकॅफ, कॅफीन काढलेला. पण लेकीने बटण दाबून मागवलेली वस्तू टाकून कशी द्यायची? खिडकीशी बसून ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे, आणि मग लहान कपातला फेस चमच्याने खायचे. फेसाला कसलीच चव नसते, असं त्यांचं मत झालं होतं.

एके दिवशी मेहुणी घरी आली. आल्या आल्या तिने पर्स सोफ्यावर टाकली.

"भाऊजी, तुम्ही रोज जाऊन तिला छळता म्हणे?"

"छळतो?" तपासनीस चकित झाले. "कॉफी पितो."

"तुम्ही? कॉफी?" मेहुणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी नजर वळवली. "अहो, त्यापेक्षा त्या दिवशी फोनवर सरळ बोलला असतात तर ही वेळ आली नसती."

"मी काय वाईट बोललो? मी चालेल म्हटलं!"

"तेच तर!" मेहुणीने कपाळ बडवलं. "ती मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, मावशी, हव्या त्या मापाची चप्पल नसली की दुकानदार दुसरी पुढे करतो, आणि घरी जायची घाई असते म्हणून आपण चालेल म्हणतो ना, तसं बाबा मला म्हणाला. चप्पल म्हणून मला त्या घरात जायचं नाही."

तपासनिसांनी दाराशी काढलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं.

"तिनेच विचारलं होतं," ते म्हणाले. "चालेल का, असंच विचारलं होतं तिने. जे विचारलं त्याचं मी उत्तर दिलं."

"अहो भाऊजी, लेक आहे ती. मीटर नव्हे."

"तुझ्या बहिणीला कळायचं."

"ताईला कळायचं," मेहुणी म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "आता ताई नाहीये. आता तुमचं तुम्हालाच बोलायला हवं."

ती गेल्यावर तपासनीस बराच वेळ तसेच बसून राहिले. इतकी वर्षं जो शब्द त्यांनी शाबासकी म्हणून वाटला, तो लोकांच्या हातात काय म्हणून पडत होता? ऑफिसातले, शेजारचे, सगळे एकेक करून आठवले. शरम वाटली त्यांना. मग त्यांनी ठरवलं, की तो शब्द लेकीपुढे पुन्हा म्हणून काढायचा नाही.

आणि इथे त्यांनी घोटाळा केला. शब्द टाकायचा एवढं त्यांना कळलं. त्याच्या जागी कोणता ठेवायचा ते कळलं नाही. चारच दिवसांनी लेक म्हणाली, "सर, ओट्सचं दूध संपलंय. सोयाचं चालेल?"

"नाही," तपासनीस म्हणाले.

"बदामाचं?"

"नाही. मला ओट्सचंच हवंय."

"येईल, सर, पण संध्याकाळी येईल."

"मी थांबतो," तपासनीस म्हणाले, आणि खरंच थांबले. दुपारभर खिडकीशी ताठ बसून राहिले. जे हवं ते हवं असं ठामपणे म्हणता येतं आपल्याला, हे लेकीला दिसेल असं त्यांना वाटत होतं. लेकीला दिसलं ते इतकंच, की एक म्हातारा अर्ध्या कप दुधासाठी हटून बसलाय. दूध आलं, कॉफी झाली, ती घ्यायला ते काउंटरच्या कडेला गेले, तेव्हा शिफ्टच्या प्रमुख बाई लेकीला विचारत होत्या, "काय गं, हे तुझे कोण लागतात का? तुझ्याच काउंटरवर येतात नेहमी."

"कुणी नाही लागत," लेक म्हणाली. "नेहमीचे आहेत."

तपासनिसांनी ते ऐकलं. वाईट वाटलं त्यांना. खूप वाईट वाटलं. फेसाचा लहान कप त्या दिवशी तसाच राहिला.

त्यानंतर काही दिवस ते गेलेच नाहीत. घरात बसून कंटाळले, घरात फिरून कंटाळले. मग एका दुपारी न राहवून पुन्हा दोन बस बदलल्या. दुकानात गर्दी होती. रांग सरकत सरकत त्यांचा नंबर आला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत लेकच बोलायला लागली.

"मोठा लॅटे, दूध अर्धं-अर्धं, बेताचं गरम, एक साधा एक डिकॅफ, व्हॅनिला एकदा, दुधात, फेस वेगळा. तेच ना, सर?"

"तेच."

तिने पडद्यावर बोटं चालवली. मग नेहमीसारखं "बाजूला व्हा" म्हटलं नाही. काउंटरवरचं फडकं उचलून तिने आधीच स्वच्छ असलेली जागा पुसली.

"सर, मी पुढच्या आठवड्यापासून इथे नसेन," ती म्हणाली. "दुसऱ्या शहरात नवी शाखा उघडतेय. तिथे शिफ्ट प्रमुख म्हणून जातेय. मीच मागून घेतली बदली." तिने मागे मिशीवाल्याकडे बोट दाखवलं. "तुमची ऑर्डर यापुढे हा घेईल. त्याला सगळं शिकवलंय मी. आधी सिरप तळाशीच घालायचा, आता नाही घालत. बेताचं गरम म्हणजे किती, तेही दाखवलंय. चुकणार नाही तो." ती थांबली. फडक्याची घडी केली. "चालेल ना?"

तपासनीस तिच्याकडे बघत होते. आपल्यासाठी तिने या माणसाला बसवून शिकवलं. बेताचं गरम म्हणजे किती, तेसुद्धा. त्यांचे डोळे भरून आले, आणि अशा वेळी त्यांच्यापाशी एकच शब्द उरायचा.

"चालेल," ते म्हणाले.

लेकीने मान हलवली. तिला दुसरं काही अपेक्षित नव्हतं, असं दिसलं.

"धन्यवाद, सर. बाजूला व्हा."

कप हातात घेऊन ते खिडकीशी जाऊन बसले, एक घोट घेतला, आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. अरे देवा. पुन्हा? तोच शब्द पुन्हा? त्यांना स्वतःचा असा संताप आला, की हातातला कप त्यांनी टेबलावर आपटला आणि थोडी कॉफी बाहीवर सांडली. जाऊन तिला सांगावं म्हणून ते उठले. काउंटरच्या कडेला गेले, तर मिशीवाला अदबीने म्हणाला, "काका, रांगेतून या ना."

तपासनीस रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. रांग दारापर्यंत गेली होती. काय बोलायचं ते पाठ करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आरशापुढे दूध, सिरप आणि फेस घडाघडा म्हणणारा हा माणूस इथे दोन शब्द जुळवू शकेना. बरं, त्यांच्या पुढचा गृहस्थ पेयात पुदिन्याची पानं किती हवीत यावर चर्चा करत होता. देठ काढून हवीत की देठासकट, यावर गाडी अडली होती. तपासनिसांनी उसासा टाकला. ऐकू जाईल असा.

गृहस्थ बाजूला झाला. लेकीने मान वर केली, त्यांना बघून तिच्या कपाळावर आठी आली, ती तिने लगेच पुसली.

"काही चुकलं का, सर? बदलून देऊ?"

"चुकलं," तपासनीस म्हणाले. "कॉफी नाही. माझं चुकलं. आत्ता चालेल म्हणालो ते."

लेकीचं बोट पडद्यावर होतं तिथेच राहिलं.

"सर, बदली झालीय. आता..."

"बदलीचं नाही गं. बदलीवर जा, चांगलीच गोष्ट आहे ती. आधीचं म्हणतोय मी. फोनवरचं." मागे कुणीतरी घड्याळ बघून चक् चक् केलं. तपासनिसांनी दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली. "तू विचारलंस चालेल का, आणि मी चालेल म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, ये. एवढंच म्हणायचं होतं. ते आलंच नाही तोंडात."

लेकीने पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"ये," तपासनीस म्हणाले. "आज नको तर उद्या ये, त्या नव्या गावाहून सुट्टीला ये, तुला वाटेल तेव्हा ये. खोली रिकामी आहे म्हणून नव्हे. तुला दुसरी जागा नाही म्हणून नव्हे. मला हवी आहेस तू घरात. मला..." ते अडखळले. त्यांनी घसा खाकरला. "मला आवडेल."

हा शब्द ते असा बोलले, की परक्या भाषेतला असावा आणि उच्चार बरोबर झाला की नाही याची खात्री नसावी. त्यांचे कान लालभडक झाले होते.

"अहो काका, आटपा ना," मागून आवाज आला.

ऑर्डर ऐकली की ती परत म्हणून दाखवायची, हा कंपनीचा दंडक. लेकीने तोंड उघडलं, आणि मिटलं. एप्रनला हात पुसले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती बापाकडे नीट, सरळ बघत राहिली. मिशीवाल्याने यंत्र बंद केलं होतं.

"बाबा, बाजूला हो," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

तपासनीस बाजूला झाले.

लेकीने पुढच्या गिऱ्हाइकाला नमस्कार केला, काय घेणार म्हणून विचारलं. गिऱ्हाइकाने साधी काळी कॉफी मागितली, तरी ती तिला दोनदा विचारावी लागली. ती पडद्यावर नोंदवून, मान खालीच ठेवून ती म्हणाली, "तिकडे बस. सुटले की येते."

कुठे येते, ते तिने सांगितलं नाही. तपासनिसांनी विचारलं नाही. ते जाऊन बसले.